बारापेडेला जावं की नाही

भीमगड अभयारण्याचं नाव काढलं की बहुतेकांना किल्ला आठवतो, नाहीतर म्हादई. दोन्ही बरोबर. किल्ला शिवकालीन, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणारा. आणि म्हादई इथल्याच देगावच्या रानात उगम पावते. तिच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक लवादापर्यंत भांडून आले. पण प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत खानापूर तालुक्याचं नाव गेलं ते तिसऱ्याच कारणाने. तळेवाडी नावाच्या आतल्या गावापासून थोडं चालून गेलं की बारापेडे गुहा लागतात आणि त्यांत एक वटवाघूळ राहतं. १९१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं या जातीचा जगाला ठाऊक असलेला पत्ता हा एकच होता. २०११ च्या डिसेंबरात इथलं १९० चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं, त्यामागे ज्या कारणांची यादी होती तिच्यात हे वटवाघूळ बरंच वर होतं.

त्या गुहांपाशी माणसं न्यावीत की नाहीत यावर दोघांची जुंपली होती. एक खानापूरचे निवृत्त शिक्षक. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी आतल्या गावांच्या मराठी शाळांत काढलेली. दुसरी त्यांची भाची. पुण्यात असते, सुट्टीच्या दिवशी लोकांना रानात घेऊन जाते, आणि वटवाघळं हा तिचा खास विषय. मी मध्ये बसून चहा पीत होतो आणि कुणी न विचारता मत देत होतो. ते इथेही दिलं आहे.

भाची : बाराच जण आहेत, मामा. सगळी शहाणी माणसं.

मामा : शहाणी आहेत तर घरी बसू देत की.

भाची : आधी ऐकून तर घ्या. वनखात्याची परवानगी काढूनच जाणार. हेम्माडग्याच्या कॅम्पात मुक्काम, पहाटे निघायचं, गावातलाच वाटाड्या घ्यायचा, गुहेपर्यंत चालत जायचं आणि दुपारच्या आत परत.

मामा : गुहेपर्यंत. आणि आत?

भाची : आत दोघं-दोघं. पाच मिनिटं. टॉर्चला लाल कागद, फ्लॅश नाही, बोलणं नाही.

मामा : म्हणजे सहा वेळा. तुझ्या हिशेबाने बारा माणसं एकदा गेली. वटवाघळाच्या हिशेबाने माणसं सहा वेळा आली. एकदा उडालेलं वटवाघूळ परत छताला लटकेपर्यंत तुझी दुसरी जोडी दारात.

भाची : पिल्लांच्या दिवसांत नाहीच नेणार.

मामा : पिल्लांचे दिवस कोणते, सांग बघू या जातीचे?

भाची गप्प राहिली नाही, पण तिने विषय थोडा बाजूला नेला, हे मी टिपून ठेवलं. वटवाघळाची मादी साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू घालते. उंदराएवढा जीव, पण पिल्लांच्या बाबतीत हत्तिणीसारखा सावकाश. शिवाय काही जाती तीस वर्षांहून जास्त जगतात. म्हणजे एखाद्या गुहेतल्या माद्या एका मोसमात बिथरल्या, पिल्लं खाली पडली, तर ती तूट भरून यायला वर्षांमागून वर्षं लागतात. गुहेच्या जमिनीवर पडलेलं पिल्लू आई उचलून नेईलच असं नाही. बहुतेक वेळा ते तिथेच मरतं. बघायला आलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. गुहा जशी होती तशीच दिसते, फक्त पुढच्या वर्षी रिकामी जास्त.

भाची : मान्य, आतला त्रास मान्य. पण मी तुम्हाला एक विचारते. १९१३ साली हे वटवाघूळ जगाला कळलं कसं? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ पासून सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली होती. कुणीतरी त्या गुहेत गेलं, कुणीतरी ही वटवाघळं मारली, कातडी आणि कवट्या लंडनला पाठवल्या. थॉमस यांनी नाव दिलं ते रॉटन यांच्यावरून, आणि रॉटन कोण? वनखात्यातून निवृत्त झालेले साहेब, त्या पाहणीमागचा मोठा माणूस. कुणी आत गेलंच नसतं तर नाव नसतं. नाव नसतं तर कायद्यात जागा नसती. कायद्यात जागा नसती तर आज तुमच्या त्या डोंगरात खाण सुरू असती.

मामा : एक गेला, तेवढं पुरे झालं की. दुसरा शिकायला जाईल, त्यालाही माझी ना नाही. हजार जण जातात ते ‘मी जाऊन आलो’ सांगायला.

भाची : माझी माणसं शिकायलाच येतात.

मामा : बारा जणांचे मोबाइल आधी घरी ठेवायला सांग, मग किती उरतात ते कळव.

कायद्याचा मुद्दा भाचीने घाईत उरकला, म्हणून इथे दोन ओळी जास्त. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होती. शेजारी कावळा, उंदीर, घूस. त्या परिशिष्टातला प्राणी कुणीही मारावा, विचारणारं कुणी नव्हतं. भारतात सव्वाशेहून जास्त जातींची वटवाघळं आहेत आणि त्यांतल्या फक्त दोघांना पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीत, जागा मिळाली होती. एक तमिळनाडूच्या डोंगरातलं सलीम अली यांच्या नावाचं फळखाऊ वटवाघूळ आणि दुसरं हे आपलं बारापेडेचं. पाचवं परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीत गेलं, तेव्हा कायद्याला पन्नास वर्षं झाली होती. ज्या देशात एवढा काळ फळं खाणाऱ्या वटवाघळांची किंमत उंदराइतकी होती, तिथे या जातीला वाघाइतकं संरक्षण मिळालं. ते कुणीतरी आत शिरल्यामुळेच मिळालं, या भाचीच्या बोलण्यात तथ्य आहे.

मामा : तू अमेरिकेत बघून आलीस म्हणे काहीतरी.

भाची : सौता केव्ह. अलाबामा राज्यात. दादा हंट्सव्हिलला असतो ना, त्याच्याकडे गेले होते. तिथून गाडीने जवळ आहे. संपूर्ण राखीव क्षेत्र २६४ एकरांचं. तुमच्या शाळेच्या गावाची शिवारं त्याहून मोठी असतील. सरकारने १९७८ साली ते विकत घेतलं ते एका गुहेसाठी.

मामा : गुहेत जायला देतात?

भाची : नाही. तोंडाला लोखंडी अडसर आहे. वटवाघळांना वाट आहे, माणसांना नाही. समोर लाकडी ओटा बांधलाय, त्यावर उभं राहायचं. उन्हाळ्यात सूर्य मावळला की ती बाहेर पडायला लागतात. ग्रे बॅट म्हणतात त्या जातीला. दोन ते चार लाख, मामा. एकामागे एक, एकामागे एक, आणि थांबतच नाहीत. पंखांचा वारा लागतो अंगाला. गुहेतून थंड हवा येत असते ती वेगळीच. म्हणून तर जुनं नाव ‘ब्लोइंग विंड’ होतं, वारा सोडणारी गुहा. सगळी उडत जातात ती गंटर्सव्हिलच्या धरणाकडे, पाण्यावरचे किडे खायला.

मामा : आणि ही माणसं ओट्यावर उभी राहून बघतात. तिकीट?

भाची : काही नाही. लहान मुलं घेऊन येतात लोक, डब्यातलं खातात, बघतात आणि जातात.

मामा : मग आधीपासून एवढी शहाणी होती का ती माणसं?

इथे भाचीला हसू आलं, कारण सौताची आधीची कहाणी शहाणपणाची मुळीच नाही. १८१२ च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात आणि पुढे अमेरिकी यादवीत त्या गुहेतली माती खणून तिच्यातून सोरा काढला, बंदुकीच्या दारूसाठी. १९२० च्या दशकात आतल्या गारव्याचा उपयोग करून तिथे नाइटक्लब चालवला. शीतयुद्धाच्या काळात अणुबॉम्ब पडला तर लपायला हीच जागा ठरवून ठेवली. युद्ध, नाच, भीती, सगळं माणसाचंच. वटवाघळांना कुणी विचारलं नाही. ग्रे बॅट १९७६ मध्ये धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेलं, आणि मग दोन वर्षांनी गुहा विकत घेतली गेली. म्हणजे जी माणसं आज ओट्यावर गपगार उभी राहतात, त्यांच्या आजोबांनी आत वाद्यं वाजवली होती.

भाची : हेच तर सांगतेय. माणसं बदलतात, मामा. पण दिसलं तर बदलतात. तिथे मुलांनी ते बघितलं, ती मोठी होऊन गुहेत सुरुंग लावू देणार नाहीत. आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की काय येतं डोक्यात? केसात अडकतं, रक्त पितं, अपशकुन. त्यात कोरोना आला. त्याआधी २०१८ ला केरळात निपाह. लोकांनी वडाची झाडं तोडायला काढली त्यांच्यावर वटवाघळं लटकतात म्हणून. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली, त्यांच्यात निपाहची प्रतिपिंडं सापडली. बातम्या काय आल्या आठवतात? जणू महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाच रोग लागला.

मामा : प्रतिपिंडं म्हणजे रोग होऊन गेला असेल, असंच ना?

भाची : त्यांच्या शरीराने त्या विषाणूला कधीतरी तोंड दिलं, एवढंच. त्या गुहेमुळे महाराष्ट्रात कुणाला निपाह झाला अशी नोंद नाही. पण हे सांगायला माणूस समोर बसलेला लागतो, त्याला वटवाघूळ दाखवावं लागतं.

मामा : हे तू माझ्याच बाजूने बोलतेस, गं. विषाणू असला तर गुहेत जायचं कशाला? आणि नसला तरी त्या विष्ठेची धूळ असते. तीमधली बुरशी छातीत जाते म्हणतात. तुमच्या शहाण्या बारांमध्ये एखादा दमेकरी निघाला तर त्याला खांद्यावर घालून मीच आणायचा का?

भाची : विष्ठेच्या धुळीचं खरं आहे. मास्क लावूनच जातात अभ्यासकसुद्धा.

मामा : आणि उलटंही होतं की. माणूस त्यांना रोग नेतो.

भाची : होतं. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा दिसलं. वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी. थंडीत ती महिनोन्महिने झोपतात, ही बुरशी त्यांना मध्येच जागं करते, अंगातली चरबी संपते आणि भुकेने मरतात. लाखोंनी मेली. बुरशी मूळची युरोपातली. अमेरिकेत कशी पोचली हे छातीठोक सांगता येत नाही, पण बुटा-कपड्यांवरून ती एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते हे नक्की, म्हणून तिकडे गुहेत जाणाऱ्याला बूट धुवायला लावतात. आपल्या उष्ण गुहांत तसली लांबलचक झोप नसते, तो रोग इकडे तसाच येईल असं नाही.

मामा : तो नाही येणार, दुसरा येईल. त्याचं नाव तुझ्या पुस्तकात अजून नसेल.

मामांचा हा युक्तिवाद जिंकण्यासारखा होता, पण मला तो पूर्ण पटला नाही. न आलेल्या रोगाचं नाव घेऊन काहीही बंद करता येतं. मला जास्त पटलं ते त्यांनी नंतर विचारलेलं.

मामा : तुझ्या त्या अलाबामात चार लाख वटवाघळं. बारापेडेत किती?

भाची : तेवढी नाहीत. फार थोडी.

मामा : आणि ती बाहेर पडतात तेव्हा दिसतात?

भाची : ... कमीच. अंधार पडल्यावर निघतात. ही जात मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांतली. पंख लांब आणि अरुंद, त्यामुळे उंच आणि सरळ वेगाने उडतात. झाडांमध्ये घिरट्या घालत नाहीत.

मामा : मग तुझ्या ओट्यावर उभे राहून बारा जण बघणार काय? काळोख?

हा प्रश्न भाचीला लागला. कारण सौताचं सगळं वैभव संख्येत आहे. चार लाखांचा लोट कुणालाही दिसतो; त्याला पुस्तकी ज्ञान लागत नाही. बारापेडेचं वैभव एका दुर्मीळ जातीत आहे, आणि दुर्मीळ असणं डोळ्यांना दिसत नाही. गडद तपकिरी अंग, मानेमागे फिकट राखी पट्टा, चेहऱ्यावर पुढे झुकलेले प्रचंड कान, पडद्याबाहेर मोकळी निघालेली शेपूट: हे सगळं जवळून, उजेडात, हातात धरूनच दिसतं. म्हणजे जे बघायला जायचं ते बघण्यासाठी नेमकं तेच करावं लागतं जे करू नये. वाघ निदान दुपारी पाणवठ्यावर येतो. दाखवण्याच्या सोयीवर ज्या अभयारण्याचा डोलारा उभा आहे, त्याच्यासाठी हे वटवाघूळ अत्यंत गैरसोयीचा प्राणी आहे. मला त्याचा तोच गुण आवडतो.

भाची : ऐकू येतील.

मामा : काय?

भाची : दिसणार नाहीत, पण ऐकू येतील. बाकीची बरीच वटवाघळं ज्या आवाजाने वाट शोधतात तो आपल्या कानाच्या पट्टीच्या फार वर असतो, त्याला यंत्र लागतं. बॅट डिटेक्टर. तो वरचा आवाज खाली आणून आपल्याला ऐकवतो. पण हे बारापेडेचं वटवाघूळ खालच्या पट्टीत ओरडतं. वेगाने आणि मोकळ्यावर उडणाऱ्याला लांबचा किडा हेरायचा असतो ना. खालचा आवाज हवेत जास्त लांब टिकतो. तेवढ्या पट्टीतलं माणसाला नुसत्या कानाने ऐकू येऊ शकतं. टिक्, टिक्, टिक् असं.

मामा : मी त्या गावांत इतकी वर्षं काढली. मला कधी आलं नाही ऐकू.

भाची : वय झालं की वरची पट्टी आधी जाते, मामा. तुमच्या वर्गातल्या पोरांना येत असेल.

मामा : कुणी बोललं नाही कधी.

भाची : तुम्ही विचारलं होतं का?

मामांनी विचारलं नव्हतं. कुणी विचारेल असा तो प्रश्नही नव्हता. पण तेवढ्यावरून बोलण्याचा रोख फिरला. आत्तापर्यंत ‘गुहा दाखवायची की नाही’ असं चाललं होतं. आता ‘रात्रीचं आकाश ऐकायचं का’ यावर आलं. आणि आकाश ऐकायला गुहेपाशी जावं लागत नाही.

मामा : मग खानापुरातच बस की दिव्याच्या खांबाखाली. तिथेही फिरतात वटवाघळं. डास खातात. पुण्यातसुद्धा असतील तुझ्या.

भाची : असतात. मी तिथे करतेही. बागेत डिटेक्टर घेऊन बसवते लोकांना. पण भीमगडचं रान ते भीमगडचं. त्या लोकांनी इथे पैसे खर्च केले तर ते इथल्या माणसाला मिळतील. गावातल्या पोराला वाटाड्याचं काम मिळालं, एखाद्या बाईला बारा जणांच्या जेवणाचे पैसे मिळाले, तर ती गुहा त्यांची होईल. नुसत्या पाटीने होत नाही.

मामा : आता तू खरी गोष्ट काढलीस. कुठल्या गावातल्या पोराला?

भाची : तळेवाडी. गवाळी. पास्टोली. कुठल्याही.

मामा : तळेवाडीची माणसं तर निघाली.

मामांचा आवाज इथे प्रथमच चढला. भीमगडच्या आतल्या गावांचे हाल हा खानापुरात रोजचा विषय आहे. धड रस्ता नाही, पावसाळ्यात ओढे फुगले की गाव तुटतं, आजारी माणसाला खाटेवर घालून खांद्यावरून आणावं लागतं. अभयारण्य झाल्यावर रस्ता आणि वीज मागणं आणखी अवघड झालं, कारण प्रत्येक खड्ड्याला वनखात्याची परवानगी. मग सरकारने सांगितलं की स्वखुशीने बाहेर या, कुटुंबामागे १५ लाख देतो. तळेवाडीने होकार दिला. काहींना तो सुटकेचा वाटला, काहींना नाइलाजाचा. दोन्ही एकाच घरात ऐकायला मिळतं.

मामा : ज्यांच्या आज्या-पणज्या त्या गुहेशेजारी राहिल्या, त्यांच्यामुळे वटवाघळांना त्रास होतो म्हणून त्यांनी उठायचं. आणि पुण्याहून बारा जण येणार, त्यांच्यामुळे होत नाही?

भाची : त्रास वटवाघळांना होतो म्हणून नाही हो उठवलं. वाघाच्या वाटा, जंगल सलग राहावं, हत्ती, अशी बरीच कारणं आहेत. शिवाय त्यांनाच शाळा-दवाखाना हवा होता.

मामा : कारणं तुझी बरोबर असतील. मी हिशेब विचारतोय. गाव उठलं की तिथे कोण राहतं? वनखात्याचे गार्ड आणि हेम्माडग्याच्या कॅम्पात उतरणारे पाहुणे. गुराख्याच्या पोराला ‘आत जाऊ नको’ म्हणायचं आणि पाहुण्याला ‘पावती फाडा’ म्हणायचं. ही गुहा बंद असेल तर सगळ्यांना बंद असू दे. माझं एवढंच म्हणणं.

भाची : आणि उघडी असेल तर?

मामा : तर आधी तळेवाडीकरांना.

यावर मी मध्ये तोंड घातलं आणि अजिंठ्याचं सांगितलं. तिथल्या लेण्यांना जाळीची दारं बसवली, वटवाघळांनी आत येऊन चित्रांची नासाडी करू नये म्हणून. माणसांसाठी लेणी, म्हणून वटवाघळं बाहेर. बारापेडेत उलट हवं: वटवाघळांसाठी गुहा, म्हणून माणसं बाहेर. दोन्ही दारं समर्थनीय आहेत, फक्त दाराच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत ते विसरू नये. मामांनी हे ऐकून घेतलं आणि दार बसवण्याचा विषय मात्र हाणून पाडला.

मामा : दार-बिर नको. लोखंड घेऊन कंत्राटदार आत शिरला की आधी तोच सगळं उडवून लावेल.

भाची : त्यांचं बरोबर आहे. अमेरिकेतही सुरुवातीला चुकीची दारं बसवली तेव्हा वटवाघळं गुहा सोडून गेली. हवेचा झोत अडला तरी आतलं तापमान बदलतं, आणि काही जाती सळयांमधून उडायला तयारच होत नाहीत.

मामा : बघ. शिवाय आपण इतके भांडतोय त्या एका गुहेवरून. तिकडे मेघालयात सापडली म्हणालीस ना ही जात?

भाची : हो, २००० नंतर. मेघालयात आणि कंबोडियात. म्हणून आता ‘जगात फक्त बारापेडे’ असं म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय यादीतही ती अतिसंकटग्रस्तमधून ‘माहिती अपुरी’ या गटात गेली. पण मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या गुहा चुनखडीच्या आहेत, आणि चुनखडी म्हणजे सिमेंट. तिकडे गुहेचं दार उघडं की बंद हा प्रश्नच नाही, डोंगरच जातो. कोलारजवळ हनुमनहळ्ळीला एक पाननाक्या वटवाघळाची जात आहे. सारी मिळून दोनशेच्या आत. तिथे ग्रॅनाइटच्या खाणींशी झगडून एक गुहा राखली. ती राखली गेली ती माणसांनी ओरडा केला म्हणून. बघितलेल्या माणसांनी, मामा.

मामा : अभ्यास करणाऱ्या माणसांनी. ‘बघितलेल्या’ वेगळं.

भाची : मधली रेघ कुठे मारायची?

मामा : जो तिथे जाऊन आल्यावर फोटो दाखवतो तो बघणारा. जो कागद घेऊन कचेरीत जातो तो अभ्यास करणारा.

ही व्याख्या शास्त्रीय नाही, पण मला काम करण्याजोगी वाटली. माझं मत, विचारलं नसलं तरी: भाचीने गुहेचा नाद सोडावा आणि रानाचा सोडू नये. भीमगडला जावं, रात्री हेम्माडग्याच्या अंगणात दिवे मालवून बसावं, तरण्या कानांनी ऐकावं, म्हाताऱ्या कानांसाठी यंत्र ठेवावं. गुहेपर्यंत मात्र वाट नको, ओटा नको, पाटी तर नकोच. सौताचा ओटा हा सौताच्या चार लाखांना शोभतो. तो इथे आणून ठेवला तर समोर काळोख बघत उभी राहिलेली माणसं पाचव्या मिनिटाला आत जाऊ म्हणतील. आणि त्या अंगणात यंत्र हातात धरून ‘हे ऐका, हे आपलं बारापेडेचं’ असं सांगणारा माणूस आतल्या गावातला असावा, मग ते गाव आज कुठेही वसलेलं असो. भाचीला यातला पहिला भाग मान्य होता, दुसराही. फक्त बारा जणांना आधी बारापेडेचं सांगून ठेवलं होतं, त्यांना काय सांगायचं ही तिची पंचाईत होती.

मामा : सांग, मामाने नको म्हटलं.

भाची : आणि ते स्वतः गेले तर?

मामा : वाट कुठे ठाऊक आहे त्यांना? तू ग्रुपवर टाकू नको म्हणजे झालं.

भाची : मामा, मोबाइलच्या नकाशावर आहे ती. कधीचीच. खाली फोटोसुद्धा आहेत.

मामा : कुणी टाकले?

भाची : कुणीतरी जाऊन आलेल्यांनी.

मामांनी तिच्या हातून फोन घेतला, चष्मा वर केला आणि नकाशा बोटाने सरकवत बराच वेळ बघितला. कुठला ओढा, कुठली वस्ती ते त्यांनी बरोबर ओळखलं. एका फोटोत गुहेच्या छताकडे रोखलेला पांढरा झगझगीत उजेड होता. तो त्यांनी मोठा करून पाहिला आणि फोन उलटा ठेवला.

मामा : मग पाटी नको म्हणून काय उपयोग? पाटी तर लागलीच. राखणदार ठेवायला पाहिजे तिथे.

भाची : वनखात्याकडे माणसं कमी आहेत.

मामा : तळेवाडीचा ठेवा की. त्याला पायाखालची वाट आहे.

भाची : तळेवाडीची माणसं आता बाहेर आली, मामा. तुम्हीच म्हणालात.

मामा : बाहेर आली म्हणजे पाय काढून ठेवले का त्यांनी? पगार द्या, येतील. तुझे बारा जण जेवढे पैसे भरणार होते, तेवढ्यात एकाचा महिना निघेल. अर्ज मी लिहून देतो, कन्नडातही देतो. सही तू कर. माझ्या सहीला कचेरीत आता कुणी ओळखत नाही.